नुंदकोलच्या काठावर फ्लाय फिशिंग: नारानाग ते गंगाबल, पाच दिवस

मी लहानपणापासून समुद्रकाठच्या खडपावर बसून गळ टाकणारा माणूस. गरीला कोळंबीचा तुकडा लावायचा, शिसं बांधायचं, भिरकवायचं आणि बोटावर तंगूस धरून बसायचं, एवढीच माझी विद्या. मावसभाऊ ट्रेकवाला. दोन वर्षांपूर्वी तो काश्मीरमधला तळ्यांचा ट्रेक करून आला आणि म्हणाला, अरे नुंदकोल तळ्यावर संध्याकाळी पाण्यावर नुसते मासे उड्या मारत होते आणि माझ्याकडे साधी दोरी पण नव्हती. झालं, डोक्यात किडा शिरला. त्यात कुणीतरी रेनबो ट्राउट नावाच्या माशाचे फोटो दाखवले, अंगावर गुलाबी पट्टा वगैरे, मग तर मी वर्षभर गच्चीवर रॉड घेऊन बादलीत फ्लाय, म्हणजे गळावरचा खोटा किडा, टाकायची प्रॅक्टिस केली. बादलीत पडायची बरं का. बादली हलत नाही आणि गच्चीवर वारा नसतो, हे नंतर कळलं.

गेलो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. तिथे ट्राउटचा सीझन एप्रिल ते सप्टेंबर असतो, पुढे थंडीत ब्राउन ट्राउट अंडी घालतात म्हणून बंद.

पहिला दिवस: श्रीनगर ते नारानाग

विमान, टॅक्सी सगळं वेळेवर, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही. मासेमारीचं परमिट मत्स्य विभागाकडून श्रीनगरलाच घेतलं. ते ठरावीक पाण्यासाठी आणि ठरावीक दिवसांसाठी असतं, किती मासे ठेवता येतात आणि कुठली साधनं चालतात ते त्यावर असतं, नीट वाचा. आणखी एक, आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. अर्थात नारानागच्या वर ते असून नसून सारखंच.

कंगन गावाच्या पुढे वांगथ नाल्याच्या बाजूने रस्ता आत वळतो. तिथेच आमचे गाइड भेटले. वय साठीच्या पुढे, फेरन (काश्मिरी झगा) नाही, साधं स्वेटर आणि डोक्यावर लोकरी टोपी, सगळे त्यांना चाचा म्हणतात म्हणून आम्हीपण चाचाच. मी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, वर रेनबो मिळेल ना? चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हापूस विचारायला नागपूरला आलोय. म्हणाले, "ऊपर ब्राउन है साहब. रेनबो चाहिए तो इधर आओ." आणि रस्त्याच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या सिमेंटच्या लांबट हौदापाशी घेऊन गेले. नाल्याचं पाणी एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर, आणि मधे शेकडो रेनबो, तो गुलाबी पट्टा अगदी स्पष्ट, शेपटीवरसुद्धा काळे ठिपके. म्हणजे वर्षभर ज्याची स्वप्नं बघितली तो मासा पहिल्याच दिवशी, रॉडची पिशवी न उघडता, हौदात बघून झाला. भाऊ इतका हसला की हौदात पडायचा बाकी होता.

मग चहा पिता पिता चाचांनी इतिहास सांगितला, तो मी नंतर पडताळून पाहिला आणि बरोबर निघाला. काश्मीरमध्ये मुळात ट्राउट नव्हताच. 1899 मध्ये इंग्लंडहून आलेली ब्राउन ट्राउटची अंडी प्रवासातच गेली, 1900 मध्ये स्कॉटलंडहून दुसरी आणली ती जगली, श्रीनगरजवळ हारवनला वाढवली आणि तिथून नद्यानाल्यांत सोडली. रेनबो नंतर आला. तो मूळचा पॅसिफिकच्या बाजूचा, सामन माशाचा भाऊबंद. 1989 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ब्राउनच्या गटातून काढून पॅसिफिक सामनच्या गटात टाकलं. पिंजऱ्या-हौदांत तो भराभर वाढतो म्हणून फार्मवर तोच. आणि ज्याला इथे स्नो ट्राउट म्हणतात तो काश्मीरचा स्वतःचा मासा, पण तो ट्राउट नाहीच, आपल्या रोहू-कटल्याच्या नात्यातला. नावांचा सगळा गोंधळ आहे.

मुक्काम नारानागला. गावातच आठव्या शतकातल्या मंदिरांचे अवशेष आहेत, ललितादित्य राजाच्या काळातले सांगतात. कळस गेलेत पण ग्रॅनाइटचे दगड असे बसवलेत की फटीत नख जात नाही. शेजारी झऱ्याचं दगडी कुंड. संध्याकाळी तिथे गावातली पोरं क्रिकेट खेळत होती आणि बॉल कुंडात गेला की आऊट.

दुसरा दिवस: चढ

नारानाग दोन हजार मीटरच्या थोडं वर, गंगाबल तळं 3,500 च्या पुढे, आणि यातला सगळ्यात वाईट चढ सुरुवातीलाच. कैल आणि देवदाराच्या जंगलातून सरळ वर. पहिले तीन तास मी कुणाशी बोललो नाही. सामान घोड्यावर होतं तरी रॉडची नळी मी स्वतःच्या पाठीवर घेतली होती, कारण घोडा झाडाला घासून जातो आणि रॉडचे बारा वाजतात. हे चाचांनी सांगितलं होतं आणि पुढच्याच वळणावर घोड्याने आमच्या स्टोव्हची पिशवी झाडाला घासून दाखवली.

ज्यांना फक्त मासेमारीसाठी जायचंय त्यांना सांगतो, चढ एका दिवसात होतो पण नारानागला एक रात्र काढाच. श्रीनगर 1,600 मीटरच्या आसपास, तिथून थेट वर गेलात तर डोकं धरून बसाल. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, वाटेत तपासणी होते.

दुपारी जंगल संपलं, भोजपत्राची वाकडीतिकडी झाडं लागली आणि मग एकदम मोकळं कुरण, त्रुंखोल. आणि समोर हरमुख. 5,142 मीटर. मला पर्वतांचं विशेष काही नाही, पण हा डोंगर तुमच्या अंगावर येतो. 1856 मध्ये माँटगोमेरी नावाच्या सर्व्हेवाल्याने याच हरमुखवरच्या ठाण्यातून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर लांबची दोन शिखरं बघून वहीत रेखाटली आणि के-1, के-2 असे नंबर टाकले. के-2 चं नाव तेव्हापासून तेच. भाऊ हे मोठ्या आवेशात सांगत होता आणि तेवढ्यात गारा सुरू झाल्या. वाटाण्याएवढ्या. जवळ बकरवालांचा, म्हणजे तिथल्या भटक्या मेंढपाळांचा, एक कोठा होता, लाकडाचे ओंडके आणि वर मातीचं छप्पर, तिथे घुसलो. आतल्या बाईंनी काही न विचारता चुलीजवळ जागा केली. मीठ घातलेला गुलाबी नून चाय आणि मक्याची जाड भाकरी. पहिला घोट घेतल्यावर माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण त्यांची छोटी मुलगी खुदकन हसली. दुसऱ्या कपाला मात्र मी स्वतःहून हात पुढे केला. बाहेर गारा, आत ओल्या लोकरीचा वास, आणि खारट चहा, ते जमतंच.

बाई म्हणाल्या की आता पंधरा-वीस दिवसांत ते मेंढ्या घेऊन खाली उतरायला लागतील. पैसे घेईनात. भावाने मुलीला चिक्कीचं पाकीट दिलं.

संध्याकाळी सहाला नुंदकोल. तंबू लावेपर्यंत अंधार.

तिसरा दिवस: एकही मासा नाही

सकाळी तंबूची चेन उघडली तर तळं एवढं शांत की हरमुखची हिमनदी पाण्यात उलटी. आणि काठापासून वीस फुटांवर गोल तरंग. एक. मग अजून एक. मी चहा पण घेतला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण समुद्रात जड शिसं फेकतो आणि त्याच्यामागे दोरी जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. फ्लाय म्हणजे पिसं, लोकर, दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजनच नसतं, म्हणून वजन लाइनला असतं, जाड प्लास्टिकची लाइन. तीच तुम्ही हवेत मागे-पुढे खेळवायची आणि तिच्या टोकाला पारदर्शक दोरा, म्हणजे लीडर, त्याच्या शेवटी केसासारखा बारीक टिपेट, मग फ्लाय. माझा रॉड नऊ फुटी, 5 नंबरचा, चार तुकड्यांत सुटणारा. सगळी मेख मागच्या फेकीत. लाइन मागे गेली की थांबायचं, ती पूर्ण ताणली गेली की मगच पुढे. मी थांबत नव्हतो. समुद्रावरची सवय, दण्णदिशी फेकायचं. मग लाइनचा चाबूक वाजतो, फट्ट, आणि फ्लाय तुटून कुठेतरी काश्मीरमध्ये जाते. पहिल्या तासात तीन फ्लाय गेल्या.

चौथी गेली नाही, ती घोड्याच्या शेपटीत अडकली. मागे घोडा चरत होता हे मला माहीतच नव्हतं. मी पुढे ओढलं, घोडा पण पुढे निघाला, रील किर्रर्र करून सुटली आणि क्षणभर, खरं सांगतो, मला वाटलं लागला मासा! भाऊ गवतावर आडवा. घोडेवाला शिव्या देत आला. नशीब, गळाचा उलटा काटा मी पकडीने आधीच चेपलेला होता त्यामुळे फ्लाय सहज निघाली. हा काटा चेपाच. माशासाठी चांगलं, घोड्यासाठी चांगलं आणि दुपारी माझ्या कानाच्या पाळीत गेली तेव्हा माझ्यासाठी पण चांगलंच झालं. गॉगल आणि टोपी सतत घाला. गॉगल पोलराइज्ड घ्या, पाण्यावरची चकाकी जाते आणि तळातले दगड, मासे दिसतात.

अकरापर्यंत मासे बुडून गायब आणि वारा सुटला. दुपारनंतर वारा एवढा की लाइन फेकली की माझ्याच अंगावर परत. चाचा एका दगडावर बसून हे सगळं बघत होते. एक शब्द नाही. तिसऱ्यांदा गुंता झाला तेव्हा उठून आले, रॉड माझ्या हातातून काढून घेतला, म्हणलं आता शिकवणार, तर त्यांनी तो दगडाला टेकवून ठेवला आणि म्हणाले, "बैठो. देखो."

काय देखो? पाणी. अर्धा तास. मी मनातून वैतागलेलो, एवढे पैसे घालून इथे पाणी बघायला आलोय का, पण पाय पण दुखत होते म्हणून बसलो. चाचांनी हळूहळू बोटाने दाखवायला सुरुवात केली. नदीतला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो, खाणं वाहत त्याच्याकडे येतं. तळ्यात प्रवाह नाही म्हणून मासा स्वतः फिरतो, पहारेकऱ्यासारखा, काठाकाठाने, जिथे उथळ पाणी संपून एकदम खोल निळं होतं त्या रेषेवरून. एक मासा दाखवला, तो दगडापासून डावीकडे गेला आणि चार-पाच मिनिटांनी परत तिथूनच गेला. परत आला. मग त्यांनी वरून येणारा ओढा दाखवला. गंगाबलचं पाणी ओढ्याने उतरून नुंदकोलमध्ये येतं आणि नुंदकोलमधून पुढे खाली वांगथ नाल्यात. ओढ्याच्या तोंडाशी थंड, हवा मिसळलेलं पाणी आणि वाहून आलेले किडे. म्हणजे हॉटेलचा दरवाजाच. आणि वाऱ्याला शिव्या देऊ नका म्हणाले, वारा ज्या काठाला लागतो त्या काठाला किड्यांचा ढीग लागतो, मासे तिकडेच येतात. तिथे फेकायला त्रास होतो, तर दहा फूटच फेका. मी आख्खा दिवस साठ फुटांवर फेकायचा प्रयत्न करत होतो आणि मासे माझ्या बुटांसमोरून फिरत होते.

त्या संध्याकाळी पण काही लागलं नाही. रात्री राजमा-चावल, आणि पहाटे तंबूवर आतून बर्फाचा पातळ थर. तीन सीझनची स्लीपिंग बॅग नेली होती, पुरली नाही, अंगावर सगळे कपडे घालून झोपलो.

चौथा दिवस: गंगाबल, आणि मग एक

सकाळी गंगाबलला गेलो, नुंदकोलपासून थोडंसंच वर. अडीच किलोमीटरच्या आसपास लांब तळं, पलीकडचा काठ पायी गाठायचा म्हणजे तास गेला. रॉड मी तंबूतच ठेवला. काश्मिरी पंडित हरमुखला शंकराचं स्थान मानतात आणि गंगाबलमध्ये पूर्वापार अस्थी विसर्जन करत आलेत, भाद्रपदात यात्रा असते. तिथे गळ टाकायला कुणी मनाई केली नव्हती, ट्राउट तिथेही आहेत, इतर लोक टाकतात पण. मला नाही वाटलं. भाऊ म्हणाला, मग याच पाण्याचा ओढा खाली येतो त्याच्या तोंडाशी चालतं का तुला? मुद्दा बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. काठावर बसून सुकामेवा खाल्ला, पाण्यात पाय घातले आणि दहा सेकंदांत बाहेर काढले.

दुपारी परत गारा, मग पाऊस, तीन तास तंबूत पत्ते. साडेपाचला उघडलं. सगळं धुतलेलं, गवतातून वाफ येतेय, आणि नुंदकोलवर किडे उतरलेले, बारीक, राखाडी. मी ओढ्याच्या तोंडापाशी गेलो, पाण्यात न उतरता, काठापासून चार पावलं मागेच उभा राहिलो. आता काठावर दाण दाण चालत गेलं तर मासा आधीच पळतो हे कळलं होतं. तपकिरी निम्फ लावला, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी फ्लाय. दहा-बारा फूट फेक. नीट पडली. दुसरी फेक नीट नाही पडली, लीडरमध्ये गाठ बसली. म्हणून रॉड काखेत धरून, चष्मा कपाळावर चढवून मी नखांनी गाठ सोडवत बसलो. फ्लाय तिकडे पाण्यात, आपोआप बुडत चाललेली. आणि काखेतला रॉड हलला.

आधी वाटलं वारा. मग परत, टुक टुक. मी जो दचकलो! हातात गाठ, काखेत रॉड, लाइन पायाखाली, आणि चाचा पहिल्यांदाच मोठ्याने ओरडले, "आराम से! आराम से!" कसातरी रॉड हातात आला, लाइन बोटाने ओढत ओढत आणली. मासा दोनदा पाण्याबाहेर आला, सोनेरी. चाचांनी माझे हात आधी पाण्यात भिजवायला लावले, कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर मरतो. वीत आणि चार बोटं एवढा. ब्राउन ट्राउट. बाजूला लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, कुणीतरी बारीक ब्रशने काढल्यासारखं, पोट लोण्याच्या रंगाचं. त्या क्षणी मला रेनबोची आठवण पण आली नाही. पाण्यातच धरून गळ काढला, तोंड ओढ्याच्या धारेकडे केलं, चार-पाच सेकंद तो हातात नुसता श्वास घेत राहिला आणि मग नव्हता.

भाऊ फोटो काढायला तंबूतून पळत आला तोपर्यंत कार्यक्रम संपलेला. म्हणजे पुरावा नाही. चाचांनी साक्ष दिली, "था साहब, था," पण हसू दाबत.

पाचवा दिवस: मोठा, आणि खाली

उतरायचं होतं पण पहाटे साडेपाचला उठलो. रॉडच्या कड्यांत बर्फ जमलेलं, दर दोन फेकींनी तोंडाची वाफ लावून काढावं लागत होतं. पाणी आरसा. त्या खोल निळ्या रेषेवर एक सावली आली, संथ, कालच्याच्या दुप्पट असावी. मी फेकलं नाही. तिची फेरी मोजली. परत यायला सहा मिनिटं. तिच्या वाटेवर आधीच फ्लाय टाकून बुडू दिली आणि बसून राहिलो. सावली आली, थांबली, तोंडातला पांढरेपणा उघडलेला मला दिसला. लाइनचं टोक एक इंच सरकलं.

आणि मी झटका मारला. तीस वर्षं खडपावर मारत आलोय तसा, खांद्यापासून. समुद्रात तो मारावाच लागतो, तंगूस जाड असतो, माशाचे ओठ टणक. इथे टिपेट केसाएवढा. टक. बस्स, एवढाच आवाज. सावली घाई न करता खोल गेली.

चाचा मागे उभे होते हे मला माहीत नव्हतं. त्यांनी हाताने दाखवलं, असं, फोन उचलतो तसं नुसतं वर उचलायचं. मग म्हणाले चाय पी लो.

उतरताना गुडघ्यांची वाट लागते, काठ्या न्या, दोन. कचरा सगळा खाली आणा. तुटलेल्या तंगूसचे तुकडे पण, मेंढ्या-पक्ष्यांच्या पायात अडकतात. त्रुंखोलच्या त्या कोठ्यापाशी परत चहा झाला, मुलीने चिक्की संपल्याचं सांगितलं. कंगनला पोचेपर्यंत साडेचार, पोटात कावळे. भावाने मला न विचारताच ट्राउट फ्राय मागवला. सरसोंच्या तेलात, लाल मिरचीत माखलेला. मी मासा चमच्याने इकडून तिकडे उलटून बघत होतो.

"काय शोधतोयस, काटा?"

"पट्टा."

तळल्यावर काही दिसत नाही.